संगणक खोटं बोलत नाही, असं मी लिहिलं होतं

२ फेब्रु., सोम.
बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी वेळेवर. खिडकी मिळाली, म्हणून लिहिते आहे. तिसरा सरावसंच काल पुरा झाला. तीन समीकरणं, तीन अज्ञातं. पोरांनी लिंक उघडली की प्रत्येकाला वेगळे आकडे. सॉफ्टवेअर स्वतःच आकडे काढतं, स्वतःच सोडवतं, पोराचं उत्तर स्वतःच्या उत्तराशी ताडून लगेच सांगतं, बरोबर की चूक. नक्कल बंद. माझं वह्या तपासणं बंद. दिवाळीपासून घरी डोकं फोडून घेतलं त्याचं चीज झालं.
गणित विभागाचे हेड सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर कारखानाच काढला." २८ला अमरावतीत कार्यशाळा आहे, तिथे मला बोलायचंय. पाच जिल्ह्यांतले प्राध्यापक. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी बोलावलं. कोणती साडी, हे विनयला आत्तापासून विचारतेय आणि तो आत्तापासून कंटाळलाय.

६ फेब्रु., शुक्र.
वर्गात जाहीर केलं. १३ तारखेला, सकाळी आठ ते आठ-चाळीस, घरूनच, मोबाइलवर. दहा प्रश्न. गुण अंतर्गत मूल्यमापनात धरणार.
मयुरी उठली. उठणारच. पहिल्या वर्षाची, तिसरा बाक. अकोल्याजवळच्या खेड्यातून येते, घरी फुलशेती. "मॅडम, शिवरात्रीच्या आंधी दोन दिवस घरी तोड असते. शेवंती, झेंडू, सारं सकाळीच. पेपर दुपारी ठेवान का?"
म्हटलं, सगळ्यांच्या घरी काही ना काही असतंच. बस.
ही पोरगी मला आवडत नाही. इथे खरं लिहायला काय हरकत. प्रत्येक पायरीला "काहून?" विचारते. मी एकदा पुढे गेले की तिच्यामुळे मागे यावं लागतं. विचारते बरोबरच, तेच जास्त टोचतं.

१३ फेब्रु., शुक्र.
चाचणी झाली. मी गाडीत, मूर्तिजापूरच्या अलीकडे. रेंज येते-जाते. आठ-दहाला मयुरीचा ग्रुपवर मेसेज: "मॅडम प्र. २ ले उत्तर निघत नाही." आठ-वीसला पुन्हा: "मॅडम दोनदा सोडवलं. याले उत्तरच नाही. पुढं जाऊ देत नाही."
पुढे जाऊ देत नाही, हे माझंच. चौकटीत आकडा टाकल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नाही. कोणी कोरं सोडू नये म्हणून तसं केलंय.
मी लिहिलं: "उत्तर आहे. संगणक खोटं बोलत नाही. फुलं तोडता तोडता गणित होत नसतं, आधी टोपली खाली ठेव."
अकोला येईपर्यंत त्यावर चाळीसेक हसरे चेहरे आले होते. एका पोराने टोपलीचं चित्र टाकलं. मलाही हसू आलं. आलं, हे लिहून ठेवते.

१४ फेब्रु., शनि.
निकाल पाहिला. सरासरी साडेसहा. वाटलं होतं त्याहून बरं. मयुरी १/१०. पहिला प्रश्न बरोबर, दुसऱ्यावर चाळीस मिनिटं संपली. म्हणजे बसूनच राहिली की तोडणीला गेली? विनयला तो मेसेज वाचून दाखवला. तो हसला नाही. "ग्रुपवर टाकलंस?" एवढंच म्हणाला आणि भाजी आणायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, याला विनोद कळतच नाही.

१६ फेब्रु., सोम.
आज वर्गात गुण वाचले. वाचायची गरज नव्हती, ज्याचे त्याला दिसतातच. तरी वाचले. मयुरीपाशी थांबले.
"एक. दहापैकी एक. फुलं किती क्विंटल निघाली?"
वर्ग हसला. ती उभी राहिली. वही उघडलेली, माझ्याकडे धरलेली. "मॅडम, मी बरोबर आहो. हे पाहून घ्या एकदा."
"मग संगणक चुकला?"
"ते मले माहीत नाही. पण गणितच तसं आहे. त्याले उत्तर नाही."
"सगळ्यांना उत्तर सापडलं, तुलाच नाही?"
"सगळ्याइले वेगळं गणित होतं न मॅडम."
पुन्हा हशा, पण या वेळी माझ्यावर. मी म्हटलं, बाहेर जाऊन विचार कर. ती वही मिटून गेली. मी वही पाहिली नाही. हात पुढे केला असता तरी पुरलं असतं. तीन फूट अंतर होतं.

२० फेब्रु., शुक्र.
मयुरी मंगळवारपासून नाही. शिवरात्र तर झाली. बाकी वर्ग शांत, कोणी "काहून?" विचारत नाही. धडा दोन तास आधी संपला. बरं वाटायला हवं होतं.

२२ फेब्रु., रवि. घरी, अमरावती.
कार्यशाळेचं सादरीकरण करत बसले होते. एक पान हवं होतं: कमकुवत विद्यार्थी कुठे अडकतो. म्हटलं मयुरीचाच प्रश्न घेऊ. तिचे आकडे काढले आणि कागदावर सोडवायला बसले, पायऱ्या दाखवायला.
तिसऱ्या समीकरणाची डावी बाजू म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज. तंतोतंत. मग उजवीकडे ११ यायला हवेत. दिलेत ४. म्हणजे ११ बरोबर ४. म्हणजे उत्तर नाहीच.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
मग सॉफ्टवेअरने कोणतं उत्तर धरलं होतं ते पाहिलं. सोळा आकडी संख्या. क्ष, य, झ तिन्ही. कोटींच्या कोटी. असलं उत्तर कोणत्या पोराने चौकटीत टाकायचं होतं?
कळायला वेळ लागला नाही, मी हेच शिकवते. निश्चयक शून्य आला की उत्तर नाही किंवा अगणित. पण यंत्र दशांशांत आकडेमोड करतं, कुठेतरी शेवटच्या घरात कणभर चुकतं. शून्याच्या जागी शून्याचा भुगा उरतो, आणि त्या भुग्याने ते बिनधास्त भागतं. आकडे काढताना निश्चयक तपासायची एक ओळ लिहायला हवी होती. एक ओळ.
आणि याहून वाईट. यंत्र अशा वेळी इशारा देतं. लाल अक्षरात: उत्तरावर भरवसा ठेवू नका. तो इशारा मला दिसला नाही, कारण तो मीच बंद केला होता. दिवाळीच्या सुट्टीत. पानावर लाल ओळी घाण दिसतात म्हणून.
विनय चहा घेऊन आला. म्हणाला, काय झालं, पांढरी पडलीस. म्हटलं, ॲसिडिटी.

२२, दुपार.
सगळ्यांचे प्रश्न तपासले. असा फसलेला प्रश्न आणखी दोघांना होता. दोघांनी काहीबाही आकडा ठोकला आणि पुढे गेले. त्यांना सात आणि आठ. ज्या पोरीला कळलं की याला उत्तर नाही, तिला एक.

२३ फेब्रु., सोम.
ती ओळ लिहिली. इशारा चालू केला. "उत्तर नाही" असं निवडायची सोय दिली. सगळं मिळून पाऊण तास.
ग्रुपवर सूचना टाकली: "तांत्रिक कारणास्तव १३ तारखेची चाचणी रद्द. नवी चाचणी ५ मार्चला, दुपारी." तांत्रिक कारणास्तव. असे शब्द किती पटकन सुचतात मला. साडेसहावाले खूश, आठवाले नाराज. मयुरीने सूचना वाचलेली दिसते. उत्तर नाही.
हेड सरांना सांगायला त्यांच्या खोलीत गेले होते. त्यांनी आधीच कोणाला तरी माझं उदाहरण द्यायला सुरुवात केली होती. "आमच्या मॅडम पाहा..." मी हसून परत आले.

२८ फेब्रु., शनि. अमरावती.
कार्यशाळा. मोरपंखी साडी. बोलले बरं, असं सगळे म्हणतात. धामणगाव रेल्वेहून आलेले एक वयस्कर सर मागच्या रांगेतून म्हणाले, "निश्चयक शून्य आला तर काय करता?"
"ती काळजी घेतलेली आहे, सर."
खोटं नाही. पाच दिवसांपूर्वी घेतलेली आहे. टाळ्या पडल्या. सरांनी नंतर हात जोडून अभिनंदन केलं, "बाकी कोणी एवढी काळजी घेत नाही," म्हणाले. जेवणात बासुंदी होती. खाल्ली.

५ मार्च, गुरु.
धुळवडीनंतरचा पहिला दिवस, अर्धा वर्ग अजून रंगलेला. नवी चाचणी. मयुरीने लिंक उघडलीच नाही. गैरहजर.
ऑफिसात पुढच्या वर्षीच्या मुख्य विषयाचे फॉर्म सुटलेत. १३ मार्च शेवटची तारीख. तिची मैत्रीण भेटली जिन्यात, विचारलं. तिने आधी जिन्यात वर-खाली पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, ते वनस्पतीशास्त्र घेऊन राहिली. म्हणते गणित आपलं काम नोहे."
गणित तिचं काम नाही! साठ जणांत एकटीचं ते काम आहे. बाकीच्यांना मी उत्तरं काढायला शिकवलं, उत्तर आहे की नाही हे पाहायला तीच एकटी थांबली होती. आणि फॉर्म भरला की संपलं, विषय परत बदलत नाही.
मी मैत्रिणीला म्हटलं, तिला सांग मॅडमनी बोलावलंय. ती "हो" म्हणाली. सांगणार नाही, हे दोघींनाही माहीत.

६ मार्च, शुक्र.
दुपारचे तास सोडून जठारपेठेत गेले. मयुरीच्या घरची फुलांची गाडी तिथे लागते, हे हजेरीच्या वहीतल्या पत्त्यावरून आणि थोडं विचारून कळलं. वडील होते. पांढरा सदरा, बोटं पिवळी झालेली. मी नाव सांगितलं तर उठून उभे राहिले.
"गणिताच्या मॅडम? बाप्पा! बसा न. मयुरी लय सांगते तुमचं. म्हणते मॅडमनं कंप्युटरवर गणितं बनवली, कोनाची एकासारखी एक नाही."
म्हणजे घरी काहीच सांगितलेलं नाही. मेसेज नाही, वर्गातलं नाही, एक गुण नाही. माझी अब्रू तिने झाकून ठेवलीय आणि मी इथे उभी.
विचारलं, कॉलेजला का येत नाही? म्हणाले, "तब्येत नरम आहे म्हणते. वावरात येते सकाळून, तवा बरी असते. तुमीच समजावा तिले."
आता सांगायचं, असं ठरवून गेले होते. वाक्य पाठ केलं होतं गाडीत. त्यांनी शेवंतीची अर्धा किलोची पुडी बांधली, वर गुलाबाची चार. पैसे काढले तर हात मागे घेतला. "मॅडमपासून घ्याचे का? पोरीले शिकवता तुमी."
मी पुडी घेतली. आणि निघाले. काहीही न बोलता. शेहेचाळीस वर्षांची बाई, पीएच.डी., आणि फुकटची शेवंती पिशवीत घालून स्टेशनवर.
गाडीत आठवू नये ते आठवलं. अंजनगावचा आमचा पानमळा. शाळेत गणिताचे गुरुजी उत्तर चुकलं की म्हणायचे, "जा, पानं मोजायला बस, तेवढंच जमेल तुला." सगळी शाळा हसायची. मी त्या चिडीने गणित घेतलं, असं लोकांना अभिमानाने सांगत आलेय. मला वाटायचं मी त्या गुरुजींना हरवलं. मी त्यांची खुर्ची घेतली आणि त्यांचीच भाषा.
विनय म्हणाला, एवढी फुलं कशाला? मग त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो ऐकून म्हणाला, "मला सांगून काय उपयोग?"

९ मार्च, सोम.
सांगितलं. वर्गात. फळ्यावर मयुरीचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला, सोडवला, ११ बरोबर ४ पाशी थांबले. म्हटलं, याला उत्तर नाही. मयुरी बरोबर होती. चाचणी तांत्रिक कारणाने रद्द झाली नव्हती, माझ्या चुकीने झाली होती. इशारा मी बंद केला होता.
कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा टोपलीचं चित्र टाकणारा पोरगा वहीत पाहत बसला.
मग हेच ग्रुपवर लिहिलं, व्यवस्थित, पायऱ्यांसकट. १३ फेब्रुवारीची चाचणी रद्द असली तरी मयुरीला त्या चाचणीचे पूर्ण गुण धरत आहे, हेही. फुलांच्या वाक्याबद्दल नाही लिहिलं. लिहायला घेतलं होतं, पण मेसेज लांबत होता. आणि मुद्दा गणिताचा होता.
हेड सरांनाही सांगितलं. क्षणभर तोंड आंबट झालं त्यांचं. मग म्हणाले, "चला, मोठेपणा आहे तुमचा."

१० मार्च, मंगळ.
सकाळपासून मेसेज. "मॅडम ग्रेट." "असे शिक्षक हवेत." "रिस्पेक्ट." हात जोडलेले, फुलांचे गुच्छ. एका सहकाऱ्याने माझा मेसेज स्टाफच्या ग्रुपवर टाकला, तिथेही कौतुक. मोकळं वाटलं बरेच दिवसांनी. डबा नीट खाल्ला. मयुरीने वाचलाय.

१२ मार्च, गुरु.
ती आली.
तास संपल्यावर, स्टाफरूममध्ये, मी एकटी होते. दारातूनच, "येऊ का मॅडम?" हातात फॉर्म होता. मुख्य विषयाची चौकट कोरी.
मी तिला बसवलं. लॅपटॉप उघडला. कुठे भुगा उरतो, कोणती ओळ राहिली होती, सगळं दाखवलं. तिने वाकून वाचलं. दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. एकाचं उत्तर मला पाहून सांगावं लागलं. एरवी मी चिडले असते. आज आनंद झाला, इतका की मी बोलतच सुटले. म्हटलं, तू गणितच घे. तुझ्यासारखी पोरगी मला वीस वर्षांत भेटली नाही. मी चुकले, सगळ्यांसमोर कबूल केलं, आता राग सोड.
ती म्हणाली, "गणिताचा राग नाही मॅडम. गणित तर कोनाचंही चुकते. माहंही चुकते."
मग फॉर्मची घडी घातली, उलगडली.
"ते फुलाचं काहून म्हटलं होतं?"
मी म्हटलं, अगं, गमतीत.
"दोनदा म्हटलं. ग्रुपवर न् वर्गात. तुमचा मेसेज मी तीनदा वाचला परवा. त्यात गणिताचं सारं आहे. ते नाही."
आवाज चढवला नाही, रडली नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पानमळ्याचं सांगणार होते, मीही तुझ्यासारखीच वगैरे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तेही गिळलं.
"बाबा मले विचारून राहिले, मॅडम काहून आल्या होत्या गाडीवर. मी म्हटलं, फुलं घ्याले."
एवढं बोलून उठली. फॉर्म सोबत नेला. दारात वळून म्हणाली, "उद्या बारा वाजेपर्यंत आहे न मॅडम मुदत?" मी हो म्हटलं.

तीच तारीख, परतीच्या गाडीत.
सहाची गाडी. उजेड आहे अजून. ग्रुप उघडून बसलेय. लोकांनी ग्रेट म्हटलं तो मेसेज वर दिसतोय. चांगला लिहिलाय, शिकल्यासवरल्या बाईने लिहावा तसा. त्यात माझी चूक आहे, पण मोठी माणसं करतात तसली. जी छोटी आहे, जी मी मुद्दाम केली, दोनदा केली, हसू यावं म्हणून केली, ती मी गाळली. ॲसिडिटीसारखीच. तांत्रिक कारणासारखीच.
मूर्तिजापूरपर्यंत आठ ओळी लिहिल्या. वाचल्या. सात ओळी मीच कशी वाईट परिस्थितीत होते, रेंज नव्हती, कामाचा ताण होता, मीही शेतकऱ्याच्याच घरची, असल्या निघाल्या. खोडल्या.
एक उरली: "मयुरीच्या घरच्या कामावरून मी तिला दोनदा सगळ्यांसमोर हिणवलं, ते मी जाणूनबुजून केलं, आणि मी तिची माफी मागते."
टोपलीचं चित्र टाकणारा वाचेल. हेड सर वाचतील, त्यांना कोणीतरी दाखवेलच. तिचे वडील वाचतील की नाही माहीत नाही. त्यांना कळलं तर मला पुन्हा जठारपेठेत जावं लागेल, आणि या वेळी बोलावं लागेल.
ती फॉर्मवर काय लिहील ते या ओळीवर अवलंबून आहे, असं मी मघापासून स्वतःला सांगत होते. म्हणजे इथेही मी सौदाच करत होते. तिने वनस्पतीशास्त्र लिहिलं तरी ही ओळ जायला हवी.
बडनेरा आलं. लोक उतरायला उभे राहिलेत. ओळ तशीच आहे, अंगठा पाठवायच्या बटणावर धरून बसलेय.